शेर, वाटी आणि शिट्टी : मराठी पाककृतीच्या भाषेचा इतिहास

मराठीतील मुद्रित पाकग्रंथांचा आरंभ सामान्यतः रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या ‘सूपशास्त्र’ या १८७५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकापासून धरला जातो. ग्रंथकर्ता पुरुष आहे आणि ग्रंथाच्या नावात ‘शास्त्र’ हा शब्द आहे, या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. (नावातील ‘सूप’ म्हणजे इंग्रजी पद्धतीचे पेय नव्हे. संस्कृतात सूप म्हणजे वरण आणि सूपकार म्हणजे स्वयंपाकी.) ज्या विद्येचा व्यवहार घरोघरी स्त्रियांच्या हातून आणि स्त्रियांच्याच तोंडून चालत आला होता, ती प्रथम छापली गेली ती शास्त्राच्या पदवीने. पुढील शंभर वर्षांत हेच ज्ञान पुस्तकांतून, मासिकांतून आणि घरगुती वह्यांतून हौशी गृहिणींनी एकमेकींना लिहून दिले. बोललेले ज्ञान लिहिले जाऊ लागले तेव्हा त्याच्या मापांचे काय झाले, क्रियापदांचे काय झाले आणि कोणाचे स्वयंपाकघर या लेखनाबाहेर राहिले, याचा विचार येथे करावयाचा आहे. पाकग्रंथांच्या इतिहासाकडे आजवर मुख्यतः खाद्यपदार्थांच्या अंगाने पाहिले गेले आहे. भाषेच्या अंगाने पाहिल्यास काही निराळ्याच गोष्टी दृष्टोत्पत्तीस येतात.

मुद्रणापूर्वीच्या परंपरेविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथातील अन्नभोगाच्या प्रकरणात मंडक, पोलिका, घारिका, वटक ही नावे आढळतात. मांडा, पोळी, घारी आणि वडा ही त्यांची मराठी रूपे आजही घरोघर चालू आहेत. राजा, राजभाषा आणि राजवाडा तिन्ही लोपल्यावरही पदार्थांची नावे टिकली, याचे श्रेय ग्रंथाला देता येणार नाही. ती टिकली ती चुलीपाशी. सतराव्या शतकात रघुनाथ पंडिताने तंजावरच्या भोसले घराण्याच्या आश्रयाने ‘भोजनकुतूहल’ लिहिले. त्याच राजघराण्यातील दुसरे सरफोजी (राज्यकाल १७९८–१८३२) यांच्या काळातील मराठी पाकशास्त्राची हस्तलिखित सामग्री सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाली आहे. या सर्व ग्रंथांचा रोख मुदपाकखान्याकडे आणि आयुर्वेदाकडे आहे. शेजारणीने शेजारणीला सांगितलेली युक्ती त्यांत शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही.

ती युक्ती जात होती निराळ्या वाटांनी. मुलगी सासरी जाताना माहेरची पद्धत घेऊन जाई, आणि सासरी तिला ती बहुधा विसरावी लागे. पापड-सांडग्यांच्या दिवसांत चार घरच्या बायका एका अंगणात जमत. हळदीकुंकू, मंगळागौर, बारसे ही तर देवघेवीची ठरलेली ठिकाणे होत. विरजण मोडले की शेजारून आणावयाचे, हा व्यवहार तर शब्दशः देवघेवीचाच आहे. या व्यवहारात पाककृती सांगावयाची नसे, दाखवावयाची असे. ऐकणारी शेजारी उभी आहे, भांडे तिला दिसते आहे, वास तिला येतो आहे, असे गृहीत धरूनच बोलणे होई. ‘एवढे पाणी’, ‘असे मळायचे’, ‘इतपत लाल’ या दर्शक शब्दांवर सगळे भागत असे. लेखनाने जे प्रथम हिरावून घेतले ते हे ‘एवढे’ आणि ‘असे’ होय. समोर नसलेल्या वाचकाला ‘एवढे’ म्हणजे केवढे, हे सांगण्याची जबाबदारी लिहिणारीवर येऊन पडली.

परंपरेकडे या प्रश्नाची दोन उत्तरे आधीपासूनच तयार होती. पहिले उत्तर उपमानाचे. लिंबाएवढा गूळ, सुपारीएवढी चिंच, आवळ्याएवढा लोण्याचा गोळा, चिमूटभर हळद, मूठभर शेंगदाणे, तांदळावर बोटाचे एक पेर पाणी. या मापांत हात आणि फळ हीच प्रमाणे आहेत. त्यांना अशास्त्रीय म्हणून बाजूस सारण्याची घाई करू नये. चिंचेची आंबटाई झाडागणिक बदलते, आणि गुळाची गोडी ढेपेगणिक बदलते. अशा द्रव्यांसाठी गुंजभर अचूक वजन देण्याने पदार्थ अचूक होत नाही. शिवाय ही उपमाने एका श्रेणीत बसतात. मोहरी, बोर, सुपारी, आवळा, लिंबू, नारळ अशा चढत्या आकारांची ती एक मोजपट्टीच आहे, आणि ती ज्या घरात वापरली जाई त्या घरातील प्रत्येकीच्या डोळ्यांपुढे असे. पातळ-घट्टपणासाठी असाच एक संच मराठीत आहे : पळीवाढे, सरबरीत, सैल, भज्यांच्या पिठाइतपत, घट्ट. एका पदार्थाचे माप दुसऱ्या पदार्थाने द्यावयाचे, ही यातली मौज. भज्यांचे पीठ जिला ठाऊक नाही तिला या वाक्याचा काडीचा उपयोग नाही.

दुसरे उत्तर प्रमाणाचे, म्हणजे गुणोत्तराचे. पुरणाला डाळीच्या समभाग गूळ, साखरभाताला तांदळाच्या दीडपट साखर. पावपट, सव्वापट, दीडपट, अडीचपट हे मराठीचे अपूर्णांकवाचक शब्द हिशेबाच्या वहीइतकेच स्वयंपाकघरातही रुळले आहेत. गुणोत्तराची सोय अशी की भांडे कोणतेही घेतले तरी चालते. चार माणसांचे पुरण आणि चारशे माणसांचे पुरण एकाच वाक्यात सांगता येते. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

छापील पाककृतींपुढची खरी अडचण शेराची होती. धान्य मापण्याची जुनी पद्धत आकारमानाची : दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. वजनाचा शेर निराळा. तोही सर्वत्र एक नव्हता. मुंबई शहरात सुमारे २८ तोळ्यांचा शेर चाले, तर ८० तोळ्यांचा शेर प्रमाण म्हणून इतरत्र मान्य होता. म्हणजे ‘एक शेर रवा’ हे शब्द मुंबईत एका अर्थाचे आणि घाटावर जवळजवळ तिप्पट अर्थाचे होऊ शकत. एका गावच्या गृहिणीने दुसऱ्या गावी राहणाऱ्या बहिणीला लिहिलेल्या पत्रात हा घोटाळा सहज शिरू शके. पुस्तकात तो शिरला तर सर्व वाचकांना एकदम भोवणार. १९३२ साली मुंबई इलाख्यात वजनमापांच्या प्रमाणीकरणाचा कायदा झाला. १९४३ पासून मुंबईत शिधावाटप आले आणि शहरी गृहिणीला तोळा, छटाक आणि पावशेर यांचा हिशेब रोज करावा लागला. पुढे १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धती स्वीकारली गेली. १ ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने अमलात आली, आणि १ एप्रिल १९६२ पासून वजनांच्या बाबतीत देशभर सक्तीची झाली. शेर आणि छटाक व्यवहारातून गेले. त्यांच्या मोजणीत लिहिलेल्या पाककृती एका पिढीच्या आत परक्या झाल्या.

या घटनेनंतर आठ वर्षांनी, १९७० साली, किर्लोस्कर प्रकाशनाने कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ प्रसिद्ध केले. लेखिकेचे शालेय शिक्षण प्राथमिक इयत्तांपुरतेच झालेले होते, आणि स्वयंपाकाचे शिक्षण सासूबाईंच्या हाताखाली झालेले होते. या पुस्तकाच्या लक्षावधी प्रती खपल्या, आणि लेखिकेला ‘लाखभर सुनांची सासू’ असे कौतुकाने म्हटले जाऊ लागले. या यशाची कारणे अनेक देता येतील : शहरांत वेगळी झालेली छोटी कुटुंबे, नोकरी करणाऱ्या स्त्रिया, सासूपासून दूर थाटलेले संसार. तथापि भाषेच्या दृष्टीने कळीची गोष्ट म्हणजे तिने पत्करलेले माप. सरकारने किलोग्रॅम दिला होता. ‘रुचिरा’ने वाटी आणि चमचा दिला.

ही निवड वरकरणी मागासलेली वाटेल. वस्तुतः ती फार सुजाण होती. किलोग्रॅम दुकानात आला, पण स्वयंपाकघरात तराजू आला नाही. वाटी मात्र प्रत्येक घरात होती. आणि वाटीच्या मापामागे समभागाची, दीडपटीची जुनी गुणोत्तरपद्धतीच उभी होती. ‘एक वाटी डाळीला एक वाटी गूळ’ हे वाक्य ‘डाळीच्या समभाग गूळ’ या वाक्याचेच नव्या भांड्यातील रूप आहे. वाटी लहान असो की मोठी, पुरण बिघडत नाही. नवी सून नवे माप शिकली असे आपण समजतो, पण ती शिकली जुनेच प्रमाण. केवळ त्याला धरावयास कडा मिळाल्या.

या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे, कारण ‘रुचिरा’च्या गौरवात ती सहसा सांगितली जात नाही. जोवर पाककृतीतील सर्व जिन्नस वाट्यांनीच मोजले जातात तोवर गुणोत्तर शाबूत राहते. एकदा का वाटी, चमचा आणि नग एकाच पाककृतीत एकत्र आले की वाटीचा आकार बोलू लागतो. दोन वाट्या पोह्यांना चार मिरच्या म्हटल्यास वाटी कोणाची, हा प्रश्न टळत नाही. मिरचीच्या तिखटपणाचा प्रश्न तर आणखी पुढचा. तेथे लिहिणारीला पुन्हा ‘चवीपुरते’, ‘आवडीप्रमाणे’, ‘बेताचे’ या शब्दांचाच आधार घ्यावा लागतो. ‘बेताचे’ या शब्दाला तर कोणत्याही कोशात माप सापडणार नाही. मराठी पाकलेखनात शेर गेला, छटाक गेले, ‘बेताचे’ तेवढे शिल्लक उरले आहे.

मापांइतकाच क्रियापदांचा इतिहास उद्बोधक आहे. छापील मराठी पाककृती एका विशिष्ट रूपात बोलते : ‘तांदूळ धुवावेत’, ‘डाळ शिजवावी’, ‘पीठ मळावे’. व्याकरणकार यास विध्यर्थ म्हणतात. हे रूप संस्कृतातील ‘-तव्य’ प्रत्ययान्त धातुसाधितापासून, प्राकृतातील ‘-अव्व’ या अवस्थेतून मराठीत आले, हे ज्यूल ब्लॉक यांच्या मराठीच्या घडणीवरील ग्रंथापासून सर्वमान्य आहे. कर्तव्य ते करावे, असा हा मार्ग. धर्मशास्त्राने आणि वैद्यकाने ज्या रूपात आज्ञा दिल्या त्याच रूपाचा हा वंशज पाककृतीत नांदतो, ही गोष्ट ‘सूपशास्त्र’ या नावाशी जुळणारी आहे.

या रूपाचा विशेष असा की क्रियापद कर्माप्रमाणे चालते आणि कर्ता बोलून दाखविण्याची गरज राहत नाही. डाळ कोणी शिजवावी? वाक्य गप्प आहे. मराठीत ‘तू डाळ शिजवावीस’ असे द्वितीय पुरुषी रूप करता येते. त्यातील अंत्य ‘स’ मुळे वाक्य एकदम एका व्यक्तीकडे वळते आणि त्यात वडीलधाऱ्यांच्या उपदेशाचा सूर येतो. छापील पाककृतींत हा ‘स’ सहसा येत नाही. लिहिणारी वाचणारीकडे बोट दाखवीत नाही, आणि स्वतःकडेही दाखवीत नाही. जे ज्ञान एका बाईने दुसरीला नावानिशी दिले, ते छापताना निनावी आणि सर्वांसाठी झाले. शास्त्राची प्रतिष्ठा मिळाली, त्याची ही किंमत होती असे म्हणावयास हरकत नाही.

बोलताना मात्र कोणतीही गृहिणी ‘शिजवावी’ असे म्हणत नाही. ती म्हणते, ‘डाळ शिजवायची, मग गूळ घालायचा.’ हे ‘-आयचे’ रूप ‘करावयाचे’ याचा संकोच होऊन झालेले आहे, म्हणजे मुळात तेही त्याच ‘-आवे’च्या कुळातले. एकाच मुळाची दोन अपत्ये, एक छापखान्यात गेले आणि एक घरीच राहिले. दोहोंत अर्थभेदही आहे. ‘करावे’ म्हणजे असे करणे योग्य. ‘करायचे’ म्हणजे असे करण्याची रीत आहे, आमच्यात असेच करतात. पहिल्यात नियम आहे, दुसऱ्यात वहिवाट आहे. रीत विचारणारीला नियम सांगितला की काहीतरी निसटते, आणि हौशी गृहिणींच्या लेखनात हे निसटलेले परत आणण्याची धडपड दिसते. ती दिसते ती मुख्य वाक्यात नव्हे, त्याला जोडलेल्या ‘म्हणजे’ आणि ‘नाहीतर’ यांच्या मागे.

‘पालेभाजी शिजताना झाकण ठेवू नये, नाहीतर रंग काळपट होतो.’ ‘पीठ गरम पाण्यात भिजवावे, म्हणजे भाकरी चिरत नाही.’ पहिला भाग विधी आहे. ‘म्हणजे’च्या पुढचा भाग मात्र साध्या वर्तमानात आहे आणि तो प्रयोगाचा निष्कर्ष आहे. कोणीतरी झाकण ठेवून पाहिले होते, आणि न ठेवूनही पाहिले होते. भाजीतील आम्ले वाफेबरोबर निघून गेली नाहीत तर हरितद्रव्य बिघडते, हे कारण रसायनशास्त्राने पुढे दिले. निरीक्षण चुलीपाशी आधीच झालेले होते. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा धरणारा घटक नसतो. पीठ जुने झाले की त्याची ‘विरी’ जाते, भाकरी थापताना कडेला भेगा पडतात, आणि गरम पाण्याने पिठातील पिष्टमय भाग फुगून पुन्हा थोडा धर येतो. ‘विरी’ हा एवढासा शब्द एका पूर्ण निरीक्षणमालेचे नाव आहे. प्रमाण भाषेच्या वापरात तो क्वचित आढळतो. जेथे भाकरी रोज थापली जाते तेथे तो आहे.

अपयशाचे शब्द या दृष्टीने विशेष अभ्यासनीय होत. यशाला मराठीत एकच शब्द पुरतो, ‘जमले’. बिघाडाला मात्र प्रत्येक पदार्थागणिक निराळा शब्द आहे. दूध नासते, पाक फसतो, पुरण पोळीतून फुटते, चकली तेलात विरते, आणि अनारसा ‘हसतो’. अनारसा तुपात सोडल्यावर त्याची जाळी सुटून तो पसरला आणि विखुरला, तर तो हसला असे म्हणतात. तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवावयाचे, दमट असतानाच कुटावयाचे, गुळात कालवून गोळा मुरवावयाचा, आणि एवढे सायास करून शेवटी कढईत तो हसावयाचा! या शब्दातील विनोद कडवट आहे आणि तो स्वयंपाक करणारीचा आहे, जेवणाऱ्याचा नव्हे. गुळाचे प्रमाण जास्त झाले की अनारसा हसतो, मग थोडे कोरडे पीठ मिसळून एक अनारसा तळून पाहावयाचा, हा उपाय या शब्दाच्याच सोबतीने घरोघर फिरला. चकलीचेही तसेच. भाजणीत मोहन कमी पडले तर चकली दगडासारखी होते, जास्त झाले तर तेलात तुकडे होतात. या दोन टोकांमधला बिंदू कोणत्याही पुस्तकाने कितीही चमच्यांत सांगितला तरी प्रत्येक भाजणीला तो नव्याने शोधावा लागतो. म्हणूनच ‘आधी एक तळून पाहावी’ हे वाक्य मराठी पाककृतींत वारंवार भेटते. प्रयोगशाळेच्या नियमाला याहून जवळचे वाक्य मराठी गद्यात शोधावे लागेल.

हे अनुभव एकमेकींपर्यंत पोहोचविण्याचे काम विसाव्या शतकात मासिकांनी मोठ्या प्रमाणावर केले. १९३० साली सुरू झालेले किर्लोस्करांचे ‘स्त्री’ मासिक त्यांत अग्रभागी होते. पुढे आकाशवाणीवरील महिलांचे कार्यक्रम आले. परंतु मासिकापेक्षाही महत्त्वाचे साधन घरातील वही होय, आणि संशोधकांचे तिकडे जवळजवळ दुर्लक्ष झाले आहे. या वह्यांत मासिकातील कात्रण, पाहुणीने सांगितलेली कृती, दूधवाल्याचा हिशेब आणि मुलाच्या वाढदिवसाची यादी एकाच पानावर नांदतात. पाककृतीच्या डोक्यावर नाव असते ते बहुधा पदार्थाचे नव्हे, देणारीचे : ‘माईंचे लिंबाचे लोणचे’, ‘इंदूरच्या मामींची पद्धत’. छापील ‘-आवे’ रूपाने जो कर्ता पुसून टाकला तो येथे शीर्षकात परत आला. विद्वानांच्या तळटीपेचे जे काम तेच या नावाचे. देणारी कोण, हे कळले की तिची कृती किती भरवशाची, हे वाचणारीला आपोआप कळते. समासात नंतरच्या शाईने लिहिलेले ‘साखर जास्त होते, पाऊण घ्यावी’ यासारखे शेरे हे तर पाठचिकित्सेचे साधनच आहेत. एकाच वहीत आरंभी ‘छटाक’ आणि पुढे ‘ग्रॅम’ आढळावे, मध्येच कोठे ‘चहाचा कप’ यावा, आणि या बदलांवरून त्या घराचा प्रवास वाचता यावा, असे पुष्कळदा घडते.

आता सर्वांत अवघड मुद्दा. वही लिहावयास अक्षरओळख लागते, दौत लागते आणि फुरसत लागते. पाकलेखनाचा इतिहास म्हणून जो आपल्या हाती येतो तो ज्या घरांत ही तिन्ही होती त्या घरांचा इतिहास आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या ‘गृहिणी-मित्र’ या पुस्तकात पाठारे प्रभूंच्या मुंबईतील स्वयंपाकघराचा विस्तार दिसतो. त्या घरांत मासळी आणि मटण जसे होते तशीच विलायती पुडिंगेही होती. सारस्वत महिला समाजाने १९४०च्या दशकात ‘रसचंद्रिका’ मराठीत काढले. ज्या समाजाची घरची भाषा कोकणी, त्याने स्वयंपाक लिहिण्यासाठी मराठी घेतली, ही द्वैभाषिकतेच्या अभ्यासकांनी नोंदवावी अशी बाब आहे. चुलीपाशी एक भाषा आणि पुस्तकात दुसरी, असा हा प्रकार. ही दोन्ही पुस्तके आपापल्या ज्ञातीच्या चवीशी प्रामाणिक आहेत. ‘रुचिरा’सारख्या पुस्तकांत मात्र ज्ञातीचे नाव गळून ‘महाराष्ट्रीय’ हे नाव येते, आणि तेथे प्रश्न उत्पन्न होतो. विशिष्ट घरांची शाकाहारी रीत हीच मराठी रीत, असा अर्थ त्यातून निघाला. लेखिकेचा तसा हेतू असल्याचे म्हणता येणार नाही. प्रमाण भाषा जशी एका बोलीची होते आणि मग सर्वांची म्हणून शिकवली जाते, तसेच हे घडले.

याला लेखी उत्तर मिळावयास २१वे शतक उजाडावे लागले. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने २००९ साली दलितांच्या अन्नविषयक स्मृतींचे संकलन प्रसिद्ध केले. त्यानंतर २०१५ साली शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आले. मराठवाड्यातील महार आणि मांग या समाजांच्या खाद्यसंस्कृतीचा हा ग्रंथ. त्याच्या नावातील एका ‘अ’ने सुभाषितासारख्या झालेल्या वचनाला जो धक्का दिला आहे तो भाषाभ्यासकाने दुर्लक्षू नये. त्यात चान्या आहेत, वजडी आहे, रक्ती आहे. मांस वाळवून टिकविण्याची पद्धत, वाट्याला आलेल्या भागांतून चव काढण्याची पद्धत, तेलातुपावाचून शिजविण्याची पद्धत हे सर्व तितकेच प्रयोगसिद्ध ज्ञान आहे. तेही बायकांनी बायकांना दिलेले आहे. त्याला ‘-आवे’चे शास्त्रीय रूप कधी मिळाले नव्हते, आणि ‘बेताचे’ हा शब्दही त्याच्या वाट्याला आला नव्हता. जे मिळेल त्यात बेत कसला? पदार्थाचे नाव सांगितले तर जात कळेल, या भयाने जे शब्द चारचौघांत उच्चारले जात नव्हते, त्यांचा कोशांतील प्रवेश आता कोठे सुरू झाला आहे. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त (१९३२–३८) पक्वान्नांचे शब्द ज्या विपुलतेने आहेत ते पाहता या शब्दांची स्वतंत्र क्षेत्रीय नोंद होणे अगत्याचे आहे. हे शब्द ज्यांच्या तोंडी आहेत त्या स्त्रिया आता वृद्ध आहेत.

राहता राहिला इंधनाचा आणि भांड्यांचा प्रश्न. चुलीच्या काळी वेळेचे माप वस्तूच्या अवस्थेत असे : आधण येईतो, कढ येईतो, तेल सुटेतो, दाणा बोटाने चेपेतो. घड्याळ नव्हते म्हणून हे असे होते, एवढेच म्हणून चालणार नाही. चुलीचा जाळ सारखा नसल्यामुळे मिनिटांना अर्थच नव्हता. मुंबईत १९५५ मध्ये स्वयंपाकाचा गॅस आला आणि जाळ हाताच्या पिळीत आला. १९५९च्या सुमारास देशी बनावटीचे प्रेशर कुकर बाजारात आले, आणि कालमापनाचे एक नवे एकक मराठीत रूढ झाले : शिट्टी. ‘डाळीला चार शिट्ट्या’ या प्रयोगात शिट्टी हे ना वेळेचे माप आहे, ना दाबाचे, पण दोहोंचे काम करते. ते पुन्हा ऐकण्याचे माप आहे. स्वयंपाक करणारी दुसऱ्या खोलीत असू शकते, हे त्यात गृहीत आहे. वाटीप्रमाणेच शिट्टीही कुकरागणिक आणि आचेगणिक बदलते, आणि वाटीप्रमाणेच तिने कोणाचे फारसे बिघडविलेले नाही.

दूरचित्रवाणी आणि त्यानंतरच्या चित्रफितींनी पाककृती पुन्हा बोलती केली. ‘शिजवावी’ मागे पडले, ‘शिजवायची’ परत आले, आणि त्याच्या जोडीला एक नवी लकब आली : ‘इथे आपण एक वाटी रवा घेतलेला आहे, आता तो भाजून घेऊया.’ कर्ता म्हणून ‘आपण’ आला, करणारी आणि पाहणारी एकत्र गणल्या गेल्या. ‘एवढे’ आणि ‘असे’ हे दर्शक शब्दही परत आले, कारण भांडे पुन्हा दिसू लागले. वास मात्र परत आला नाही, म्हणून ‘खमंग वास सुटेपर्यंत’ हे शब्द अजून बोलूनच दाखवावे लागतात.

या स्थित्यंतरात काही क्रियापदे लोपत चालली आहेत, आणि त्यांत ‘वैरणे’ हे पहिले. आधणाच्या पाण्यात तांदूळ वैरावयाचे, जात्याच्या तोंडात दाणे वैरावयाचे. मूठ, उसळते पाणी किंवा फिरता दगड, आणि अंदाज, ही तिन्ही त्या क्रियेत होती. कुकरात तांदूळ आणि पाणी एकदमच घालतात. तेव्हा भात वैरला जात नाही, ‘लावला’ जातो, जसा दिवा लावतात किंवा कुलूप लावतात. जुन्या वह्यांत ‘तांदूळ वैरावे’ हे शब्द भेटले की आजच्या विद्यार्थ्याला कोश उघडावा लागतो. ‘वैरण’ हे नाम त्याला ठाऊक असते, पण ते गुरांच्या चाऱ्यापुरते.